मैनेचे केस गळाले की

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. माणसांची थंडी जात असेल. घोड्यांची थंडी पुढे महिनाभर त्यांच्या अंगाला चिकटून असते, आणि ती उतरवायला एक माणूस लागतो. केडगावच्या पुढे, पुणे रस्त्यापासून जरा आत, आबासाहेबांच्या तबेल्यात तो माणूस म्हणजे रंगनाथ.

मैना ही त्या तबेल्यातली सगळ्यात देखणी घोडी. हिवाळ्यात तिच्या अंगावर दाट, मातकट केस येतात. फाल्गुनात ऊन तापलं की त्यांच्याखाली घाम मुरतो, खाज सुटते, आणि मैना खांबाला अंग घासून घासून जखमा करून घेते. म्हणून रंगनाथ रोज सकाळी दोन तास खरारा करतो. आधी गोल गोल फिरवून मेलेले केस सैल करायचे, मग लवीच्या दिशेनं ओढायचे. पायांवर आणि पोटाखाली लोखंडी खरारा चालत नाही, तिथं गवताची ओली जुडी. मग गोणपाट, आणि सगळ्यात शेवटी नुसता तळहात. उडालेले केस नाकात जातात, भाकरीत जातात, अंथरुणात सापडतात. चिमण्या तेवढ्या खूश, त्यांना घरट्याचं सामान दारात मिळतं.

रंगनाथाची बायको भागिरथी जामखेडजवळच्या गावात राहायची. अकरा वर्षं तो तिला एकच सांगत आला होता, “मैनेचे केस गळाले की येतो.” केस गळायचे, तोवर लग्नसराई लागून मैनेला वरातींची बोलावणी यायची. मग पाऊस, मग दसरा, आणि मग मैनेला पुन्हा केस यायला सुरुवात. सणावाराला दोन दिवस घरी जाऊन यायचा, तेवढंच. भागिरथी म्हणायची, “त्या घोडीलाच सवत म्हनू का?” पण खरी गोम अशी होती, की मैना दुसऱ्या कुणालाच अंगाला हात लावू देत नसे.

हे कशानं झालं, ते फक्त रंगनाथाला ठाऊक. मैना शिंगरू होती तेव्हा मालकांनी दुसरा माणूस ठेवायचं मनात घेतलं होतं. रंगनाथ धास्तावला. त्याच्या म्हाताऱ्या उस्तादानं कधीतरी सांगून ठेवलं होतं, घोडं आपल्याच हाताचं ठेवावं, म्हणजे मालक आपला राहतो. मग नवा माणूस खरारा घेऊन आला, की रंगनाथ मदतीच्या मिषानं दोर धरून उभा राही आणि मैनेच्या मानेखाली हळूच चिमटा काढी. माणूस गेला की तिला गूळ. महिन्याभरात परक्याच्या हातात खरारा दिसला तरी मैना चावायला धावू लागली. नवा माणूस पळाला. रंगनाथ मिशीतल्या मिशीत हसला. मोठा शहाणा! स्वतःच खुंटा ठोकला आणि स्वतःच त्याला बांधून घेतलं.

गेल्या दिवाळीत भागिरथीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. रंगनाथ आठ दिवस दवाखान्यात बसून राहिला. इकडं मैनेनं वैरण सोडली आणि एका माणसाची दोन बोटं मोडली.

आबासाहेब म्हणाले, “रंगनाथ, मी तुला धरून ठेवत नाही. पण तू गेलास तर मला ही विकावी लागेल. चावऱ्या घोडीला गिऱ्हाईक कोण? वीटभट्टीवाला.”

माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट मालकाशी भांडून तरी जाता येतं. पण मैना जन्मली ती रंगनाथाच्याच हातांवर. विटांच्या गाडीला जुंपलेली ती त्याला डोळ्यांपुढं दिसली आणि तो परत आला. भागिरथीजवळ तिची बहीण राहिली, पण गुढीपाडव्यापर्यंतच. पाडव्याला तिला आपल्या घरी जायचं होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं झालं.

त्यानं खटपट केली. मालकांचा ड्रायव्हर हर्षल याला आपला सदरा घालून मैनेपुढं उभा केला. मैनेनं सदरा हुंगला, मग हर्षलच्या हातातला खरारा पाहिला, आणि सदऱ्याची बाही फाडली. पाडव्याला बारा दिवस उरले होते.

त्या दुपारी रंगनाथ जवस आणायला गेला होता. दुकान बंद, म्हणून लवकर परतला. तबेल्याच्या दारातच त्याचे पाय थबकले. लीद काढणारी छबूबाई मैनेच्या पाठीवरून नुसता तळहात फिरवत होती. केसांचे पुंजके गळत होते. मैनेचा खालचा ओठ लोंबत होता, डोळे अर्धे मिटले होते.

“कवापास्नं चाललंय हे?” रंगनाथाचा आवाज चढला.

छबूबाई दचकली. “दोन वरसं झाली. पयलं वरीस मी नुसती लांब हुबी ऱ्हायची. मंग हात लावू दिला तिनं.”

“आन् मला बोलला न्हाई? माजी बायको तिकडं पडून हाय!”

“रंगनाथभाऊ, तुमचं काय झालं ते रोज बघती मी. मालकाला कळलं तर उद्या खरारा माज्या हातात. माजी लेक संस्कृती बारावीला हाय. निकाल लागला की तिच्यासंगं पुन्याला जानार मी. मला न्हाई ह्या खुट्याला बांधून घ्यायचं.” तिनं पदराला चिकटलेले केस झटकले. “हळू बोला. कुनाला सांगू नका.”

रंगनाथ काही संत नव्हता. एक शब्द बोलला की सुटका. तो दोनदा मालकांच्या पडवीपर्यंत गेला आणि दोनदा परत आला. तिसऱ्यांदा आबासाहेबांनीच विचारलं, “काय रे, कोणी सापडतंय का मैनेसाठी?”

समोर अंगणात छबूबाई लिदीची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. ती त्याच्याकडं बघत नव्हती, पण पुढंही जात नव्हती.

रंगनाथाला तिचा राग आला. मग आपल्याच चिमट्यांची लाज वाटली.

“न्हाई मालक,” तो म्हणाला. “मला पाडव्याला टेम्पो पायजे हुता.”

घोडी न्यायच्या टेम्पोत भुसकट अंथरून त्यानं भागिरथीला आणलं. घराला कुलूप लागलं, दारचा शेवगा शेंगांनी लगडलेला तसाच राहिला. तबेल्याला लागून असलेल्या सहा बाय सहाच्या खोलीत तिची खाट मावली, तेव्हा रंगनाथाला जमिनीवर आडवं व्हायलाही जागा उरली नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं तिला उन्हाला खुर्चीवर बसवलं आणि शेजारी मैनेला खरारा करू लागला. केस उडून तिच्या लुगड्यावर बसत होते.

“अवो,” ती जड जिभेनं म्हणाली, “आता घरी कवा?”

“हिचे केस गळाले की.”

भागिरथी अर्ध्याच तोंडानं हसली. त्यात हसू किती आणि दुसरं काय काय, ते त्यानं बघायचं टाळलं. तो गोणपाट आणायला आत वळला. परत आला तर भागिरथीनं डावा हात पुढं केला होता आणि मैनेनं मान खाली घातली होती. ओरडायचंही त्याला सुचेना. मैनेनं तिचा पदर हुंगला, मग तळवा हुंगला, आणि आपला गळा त्या हातावर टेकवला. भागिरथी हळूहळू चोळू लागली. तिच्या बोटांत केस आले.

“बघा की! मला लावू देती!” दिवाळीपासून तिचा चेहरा एवढा उजळला नव्हता.

रंगनाथानं आधी फाटकाकडं पाहिलं, मग पडवीकडं. मालक कुठं दिसत नव्हते. तो घाईनं तिच्याजवळ वाकला.

“हळू बोल,” तो म्हणाला. “कुनाला सांगू नको.”