ताईंचा गुणाकार

पाणीपुरवठा केंद्रात ताई एकवीस वर्षं आवक-जावक सांभाळत होत्या. टेबल दाराशेजारी, त्यामुळे कोण आलं, कोण गेलं हे वहीपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक. सुरक्षेचे धोके कसे जोखायचे हे शिकायला एक माणूस पाठवा, असं वरून पत्र आलं, तेव्हा साहेबांनी त्यांचं नाव कळवलं. बाकीच्यांना कामं होती.

ताई बिचकत गेल्या. पण शिकवणारे निवृत्त अधिकारी सरळ निघाले. धोका घडण्याची शक्यता एक ते पाच, घडला तर नुकसान एक ते पाच, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि मोठा आकडा आधी निस्तरायचा. "घाबरायचं नाही, मोजायचं," ते म्हणाले. ताईंना ते इतकं पटलं, की नवऱ्याच्या जिन्यात चपला सोडण्याच्या सवयीला त्यांनी सोळा गुण दिले.

तिसऱ्या दिवशी आपापल्या कार्यालयाचा तक्ता भरायचा होता. इतरांनी स्फोट, हॅकर, हेर असं दणदणीत काहीबाही लिहिलं. ताईंनी डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं. मागच्या दाराची कडी तीन वर्षं तुटलेली : वीस. क्लोरीनच्या खोलीची किल्ली खिळ्यावर, नावाच्या चिठ्ठीसकट : वीस. साहेबांचे मेव्हणे मागच्या दाराने मित्रमंडळींना टाकी दाखवायला आणतात : पंचवीस. शिकवणाऱ्यांनी तो तक्ता कौतुकाच्या पत्रासह थेट साहेबांकडे धाडला.

साहेबांनी ताईंना बोलावून दार लोटलं.

"हा कागद भलत्याच्या हाती पडला तर काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय, साहेब. म्हणून तर ती कडी..."

"शक्यता पाच, नुकसान पाच. या कागदाचेच पंचवीस झाले."

पद्धत साहेबांनाही आली, याचं ताईंना तेवढ्यातही बरं वाटलं. कागद गोपनीय ठरला. सुरक्षेच्या कारणास्तव ताईंचं टेबल दारापासून हलवून माळ्यावर, जुन्या फायलींत नेण्यात आलं.

तिथे त्या महिनाभर धुमसल्या. मग एका सुटीच्या दिवशी नवी कडी आणि नवऱ्याला घेऊन केंद्रावर गेल्या. मागच्या दाराने आत शिरायला काहीच अडचण आली नाही. कडी बसवली, आतून लावली आणि दोघं पुढच्या दाराने, रखवालदाराची विचारपूस करत बाहेर पडले.

मेव्हण्यांनी लेखी तक्रार केली. विनापरवाना कडी कोणी बसवली याची चौकशी लागली, आणि केंद्रात प्रशिक्षण घेतलेलं माणूस एकच असल्याने ती ताईंकडे आली. ताई अगदी कसून चौकशी करताहेत. घाई नको, असं त्यांनी साहेबांना लेखी कळवलंय.