ताई आणि बेचाळीस दिवसांची मुदत

बाळंतिणीच्या घरी गेलं की सगळे बाळाकडे धावतात. आमच्या ताई मात्र आधी आईच्या पायांवरची सूज बघत. "बाळाच्या कौतुकाला घरभर माणसं आहेत," म्हणत, "हिला कोण विचारतंय?"

विश्रांतवाडीच्या वस्त्यांमधून फिरणाऱ्या त्या आरोग्यसेविका. मी एका खासगी रुग्णालयात सरकारी विम्याच्या खिडकीवर बसायचे. बाळंतिणींना त्या विम्याचा आधार बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसच होता. ताईंना ते कधीच पटलं नाही. "बेचाळिसाव्या दिवशी बाळंतपण संपलं, हे तिच्या शरीराला कळवलंत का?" असं त्या शांतपणे विचारत. मी हसून पुढचा कागद ओढायचे.

एका सकाळी त्या वैशालीला घेऊन आल्या. नवऱ्याला कारखान्यात काम मिळालं म्हणून वाशीमहून आलेली, तेवीस-चोवीस वर्षांची पोर. बाळ तीन महिन्यांचं. चार पावलं चालली तरी तिला धाप लागत होती.

"हृदय कमजोर झालंय, बाळंतपणामुळेच. डॉक्टरांनी लिहून दिलंय. दाखल करून घ्या," ताई म्हणाल्या.

मी तारीख पाहिली. "मुदत संपलीय, ताई. विम्यात बसत नाही."

वैशालीच माझी समजूत घालू लागली. "राहू द्या मॅडम. गावाकडून काही सोय होते का, बघतो आम्ही."

सरकारी दवाखान्यात तरी चला, म्हणून ताई विनवत राहिल्या. सोबत आलेला नवरा ऐकेना; तो तिला घरी घेऊन गेला. सोय व्हायच्या आत, पाचव्या दिवशी वैशाली गेली.

ताई पुन्हा खिडकीशी आल्या, तेव्हा मला वाटलं, आता बोल लावतील. त्यांनी कोरा कागद पुढे केला. "मुदत वर्षभराची करा, असा अर्ज देतेय. बायकांच्या सह्या घेतल्यात. त्या दिवशी काय घडलं, तेवढं तुम्ही लिहा."

"माझी नोकरी जाईल हो, ताई."

त्यांनी कागदाची घडी घातली. "बरं. येते."

ते 'बरं' मला अजून झोंबतं.

तो अर्ज घेऊन ताई दोन वर्षं कचेरीत खेटे घालत होत्या. गेल्या उन्हाळ्यात अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले, तेव्हा वाचा गेली होती. हात धरून म्हटलं, "लिहून देते, ताई." त्यांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. दोन दिवसांनी त्या गेल्या.

मुदत अजून तीच आहे. त्यांच्या अर्जाला मी माझा कागद जोडला, खाली पूर्ण नाव घालून. त्यातलं पहिलं वाक्य लिहायला मला आठवडा लागला: 'वैशालीला परत पाठवणारी बाई मी.'