ट्रक नको, रोबोट नको

“कागदावर आकार दोनच शेत, पण अजून एक निंघस,” असं म्हणत भाऊ जेवणाच्या सुट्टीत खिशातून रोबोट काढायचे. मेव्हण्याने मुंबईहून आणलेलं प्लॅस्टिकचं खेळणं. पाय दुमडून छाती फिरवली की त्याचा ट्रक व्हायचा. सोबतच्या कागदात तेवढंच दाखवलं होतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही शेजारी बसायचो. चाळिशीचा, मिशीवाला माणूस भाकरी बाजूला ठेवून खेळणं पिळतोय म्हटल्यावर आम्ही टिंगल करायची सोडतो होय? तुम्हीही केली असती. मग कारण कळलं आणि टिंगल थांबली.

त्यांची लेक रक्ताच्या आजाराने दवाखान्यात होती. सुई टोचून घ्यायला तिची एकच अट असायची, आधी नवा आकार. ट्रक नको, रोबोट नको. तुकडा काढायचा नाही, आणि न सांगता ओळखू आला पाहिजे.

झालं, सगळं एक्स्चेंज कामाला लागलं. विंचू निघाला, शिलाई मशीन निघालं, मान वर केलेला उंट निघाला. आमच्या साहेबांनी तर सगळं दुमडून पाटा-वरवंटा केला आणि स्वतःवरच खूश झाले. पोरीने तो नापास केला. “साहेबले सांगा, हाई नुसतं गाठोडं शे,” हा निरोप भाऊंनी जसाच्या तसा आणला. साहेब दोन दिवस घुश्श्यात होते.

पण सांधे ते किती आणि आकार ते किती निघणार? सुया मात्र संपेनात. पुढे पुढे भाऊ मेहरूणच्या घरून सायकलवर येतानाच थकलेले दिसत. “एखादा सुचला का हो?” एवढंच विचारत. डोळ्यांत पाहवत नसे. आकार सुचला नाही तर पोर सुई घेणार नाही, आणि सुई घेतली नाही तर काय, हे ते कधी बोलले नाहीत. मला त्या खेळण्याचा राग यायला लागला होता. पिळून पिळून त्याचे सांधे पार ढिले झाले होते.

एका दुपारी मी डबा घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सुया बंद केल्या होत्या. का, ते विचारायची गरज नव्हती. पोरीने क्षीण आवाजात म्हटलं, “बाबा, आत्ते त्याले रोबोट करा. उभा करा.”

भाऊंनी केला. पण पाय धरेनात. ठेवला की कोसळे. शेवटी त्यांनी तो खाटेवर उभा केला आणि मागून दोन बोटांनी धरून ठेवला.

“उभा शे ना?”

“उभा शे, बेटा.”

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने डोळे मिटले. सिस्टर आली, तिने नाडी बघितली, पुन्हा बघितली. म्हणाली, “भाऊ, हात काढा आता.”

“पडी जाई, सिस्टर.”

ते हलेनात. मी पुढे झालो आणि रोबोटच्या पाठीला माझी बोटं लावली. म्हटलं, “भाऊ, मी धरतो.” तेव्हा कुठे त्यांनी हात काढला आणि लेकीच्या कपाळावर ठेवला.