टाळ्यांना इको

साक्रीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये माझा गाण्याचा पहिलाच कार्यक्रम होता. तेव्हा ऑर्केस्ट्रात सगळेच इको लावून गायचे. मीही माईकवाल्याला म्हटलं, "भाऊ, इको भरपूर ठेवा."

त्याने रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली, मान कलती करून ती विरेपर्यंत ऐकली आणि येऊन बटण शून्यावर आणलं.

"अक्का, आठे पत्राच इको शे. तू बिनधास्त म्हन."

म्हणे इथला पत्राच इको देतो! असा राग आला! त्या रागातच उघड्या आवाजात गायले. शेवटच्या रांगेतली म्हातारी माझ्याबरोबर शब्द न् शब्द पुटपुटत होती.

गाणं संपलं, हॉल टाळ्यांनी दणाणला. माईक अजून माझ्या हातातच होता. तेव्हा कुठे त्या पठ्ठ्याने हसत इकोचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.