हातनकोंचा जैसे-थे प्लॉट

शेजाऱ्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसले होते. पहिला लगेच सापडला: वक्तशीर. मग एक चहा झाला, दुसरा झाला, पण दुसरा शब्द काही सापडेना. तेव्हा जे सापडतंय तेच लिहिते.

देशाची जी वनसंशोधन संस्था आहे ना, तिच्या आवारातल्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहतो. आमचे हे तिथे जंगलांचे नकाशे करतात. भिंतीला भिंत लागून हातनको. हे काही त्यांचं आडनाव नव्हे. मागच्या कुंपणाशी माणूस, मांजर किंवा चेंडू दिसला की ते खिडकीतून "हात नको! हात नको!" असं ओरडतात. वसाहतीने तेच नाव त्यांना बहाल केलं. ते त्यांना माहीत आहे आणि मला वाटतं, आवडतंही.

कुंपणापलीकडे दोन प्लॉट आहेत. दोन्हींत एकाच जातीची झाडं, एकाच दिवशी लावलेली. उजवीकडच्या झाडांना संस्था पाणी घालते, खत घालते, चोंबाळते. डावीकडच्यांना काही म्हणजे काही करायचं नाही. पाणी नाही, छाटणी नाही, पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. काही न करता झाड किती वाढतं ते कळलं, तरच केल्याचा उपयोग किती ते कळणार. याला म्हणायचं जैसे-थे प्लॉट. आणि या डावीकडच्या प्लॉटचे अधिकारी कोण, तर हातनको. म्हणजे सरकारने एका माणसाला उभी नोकरी काहीही न करण्यासाठी दिली, आणि त्यानेही ती इतक्या मेहनतीने केली की शेजारपाजारच्यांना जिणं नकोसं झालं.

आमच्या मागच्या अंगणातला नळ त्यांनी बंद करवला. का, तर पाणी झिरपेल. मी पुढच्या दारातून घर ओलांडून बादल्या वाहायच्या आणि चार कुंड्या जगवायच्या. भांडायला गेले तर म्हणाले, "बाई, तुमच्या फुलांपुढे देशाचं संशोधन थांबवू का?" आमचे हे म्हणाले, "जाऊ दे ना." आमच्या ह्यांचं सगळ्या प्रश्नांवर हे एकच उत्तर आहे.

पण माझा नळ काहीच नाही. त्यांच्या घरात ताई आहेत, त्यांच्या बायको. मी आले तेव्हा ताईंची वेणी कमरेच्या खाली होती. धुतलेले केस सोडून मागच्या पायरीवर बसल्या की बघत राहावं. त्यांच्या बाथरूमची मोरी मात्र सारखी तुंबायची. प्लंबर तार घालून आतून काळपट, केसाळ गुंते ओढून काढायचा. हातनको गुंत्याकडे बघायचे, मग ताईंकडे. "गळतात तर ठेवतेस कशाला?" भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. (मी कान लावत नाही. भिंतच पातळ आहे.) एक दिवस ताई मानेपर्यंत केस कापून आल्या. "आता बरं वाटतं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मोरी तरीही तुंबतच राहिली. ताई म्हणायच्या, "अहो, बाहेर पाइप खणून बघा ना एकदा." हातनको म्हणायचे, "पाइप प्लॉटखालून जातो. तिथे कुदळ लागणार नाही." तो पाइपही यांचीच करामत. पूर्वी मोरीचं पाणी उघड्या गटारातून कुंपणालगत वाहायचं. ते उडेल, सांडेल, म्हणून रोपं लावायच्या आधी यांनी खास बंद पाइप टाकून घेतला, जमिनीखालून सरळ पलीकडच्या मोठ्या गटारापर्यंत. "थेंब बाहेर येणार नाही," असं वसाहतीत मिरवत होते.

आता यांचं घोडं कुठे अडलं ते सांगते. दोन्ही प्लॉटमधल्या झाडांची सरासरी उंची सारखीच भरली. हातनकोंनी निष्कर्ष काढला, की या जातीला पाणी घालणं निव्वळ उधळपट्टी. संस्थेच्या धोरण विभागाला तो फार आवडला. देशभर कोरड्या मुलखात ही झाडं लावायची आणि पाण्याचं नाव काढायचं नाही, असा सल्ला मंत्रालयाकडे जायचा ठरला. वर नाव हातनकोंचं. एवढ्या वर्षांच्या पहाऱ्याचं सार्थक व्हायचं होतं. ते माझ्याशीसुद्धा बोलायला लागले. "आता कळेल तुम्हाला, नळ का बंद केला ते."

फक्त नव्या संचालक मॅडमनी सही करण्याआधी प्लॉट बघायचा हट्ट धरला.

ऐन उन्हाळ्यात सकाळी त्या आल्या. हसऱ्या नाहीत. मागे माळी, हातात लोखंडी सळई. हातनको इस्त्रीच्या शर्टात, जणू त्यांचंच लग्न. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. म्हणजे वाळलेलेच पुन्हा घालत होते.

"मधली ही रांगच एवढी तरतरीत का?" मॅडमनी विचारलं.

"जातच चिवट आहे, मॅडम."

"मग कडेची का किरकोळ आहेत? जात तीच ना?"

माळ्याने मधल्या रांगेत सळई खुपसली. बाहेर काढली तर टोकाला चिखल. भोवती जमिनीला भेगा, आणि हा चिखल. हातनको वळले ते थेट माझ्याकडे.

"ही बाई! हिचंच काम आहे हे! नळ बंद केला त्याचा सूड उगवतेय. बादल्या ओतत असणार!"

"साहेब, माझ्या कुंड्यांना पाणी घालता घालता माझी कंबर मोडली. तुमच्या झाडांचे लाड कधी करू?"

"ऐकलंत मॅडम? ही भाषा!" मग घराकडे तोंड करून ओरडले, "अगं ए, बाहेर ये! तू दिवसभर मागच्या खिडकीत असतेस. सांग यांना, ही बाई पाणी ओतते की नाही?"

ताई हात पुसत आल्या. सळईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"नाही ओतत."

"नीट आठवून सांग!"

"नीट आठवूनच सांगतेय. अहो, आपल्या मोरीचा पाइप याच रांगेखालून जातो ना?"

"बंद पाइप आहे तो!"

"मग त्यात शिरतं काय?"

"तुझे केस!"

ताईंनी मानेवरून हात फिरवला. "कुठले?"

मॅडम माळ्याला म्हणाल्या, "खणा."

हातनको दोन्ही हात पसरून झाडांपुढे उभे राहिले. "हात नको! मॅडम, एवढी वर्षं इथे कुणी ढेकूळ उचललं नाही!" माळी त्यांना वळसा घालून गेला. पाइप फार खोल नव्हता. सांधा फुटलेला, आणि आत झाडाची मुळं. माळी ओढत राहिला आणि ती येत राहिली: लांब, काळपट, बुळबुळीत, एकमेकांत गुंफलेली, थेट वेणीसारखी. साबणाचा वास सुटला होता.  

ताई पुढे झाल्या. त्यांनी ती मुळं दोन्ही हातांत घेतली आणि नवऱ्यापुढे धरली. "घ्या. माझे केस."

हातनको त्यांच्याकडे न बघता मॅडमशी बोलू लागले. "मोरीचं पाणी ते किती, मॅडम! त्याने निष्कर्ष बदलत नाही."

"मग देशभर प्रत्येक झाडापाशी तुमची अंघोळ पाठवायची का?" मॅडम म्हणाल्या. मी हसले. मोठ्याने हसले, उगाच खोटं कशाला लिहू.

सल्ला तिथेच बारगळला. मॅडमनी पाइप काढून टाकायला सांगितला, तर हातनको पुन्हा उसळले, "आता पाणी तोडलं तर तीही ढवळाढवळच!" मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. मग पाइप राहू दे. प्लॉटवरची पाटी बदला. आणि हो, अंघोळ चुकवू नका."

त्यांनी माझा नळही सोडवून दिला. त्या संध्याकाळी मी नळीने सगळं अंगण धुतलं. धुवायची गरज नव्हती. हातनको खिडकीत आले, तोंड उघडलं, मिटलं. अजून ते मला ओळख देत नाहीत, आणि माझंही त्यावाचून काही अडलेलं नाही. ताईंना त्यांनी एकदाही "चुकलं" म्हटलेलं नाही. भिंत पातळ आहे, म्हटलं असतं तर मला कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागचं दार वाजलं. बघते तर ताई, खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी.

"आजपासून मी तुझ्याकडे अंघोळ करणार आहे. चालेल ना?"

"चालेल की. पण तुमच्याकडे काय झालं? पाणी नाही?"

"आहे ना, भरपूर आहे," ताई आत येत म्हणाल्या. "पण त्यांच्या झाडांना त्यांचंच पाणी पुरे. माझ्या वाटचा थेंब मिळणार नाही." बाथरूमच्या दारात त्या थांबल्या. "आणि हे बघ, मी केस वाढवणार आहे. तुझी मोरी तुंबली तर आधी खणून बघ, मग मला बोल."