फक्त चुकलेल्यांची नोंद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीटसं कळत नाही.

चंदीगडमधल्या एका कार्यालयात मी संगणक सांभाळत होतो. दहशतवादाची वर्षं. चौकाचौकांत वाळूची पोती, आणि आमच्या यंत्रात अधिकाऱ्यांच्या घरांचे पत्ते. म्हणून हुकूम आला: यंत्रावर कोण येतं, कोणती फाइल उघडतं, याची नोंद यंत्रानेच ठेवावी. मी ती सोय चालू केली. साहेबांनी फीत कापली, संगणकाला झेंडूचा हार घातला — त्याचा गळा नेमका कोणता, यावर थोडी चर्चा झाली — आणि सगळ्यांनी लाडू खाल्ले.

पण नोंदींनी डिस्क भरायची आणि यंत्र ठप्प व्हायचं. हार अजून ताजा. साहेबांना हे सांगायचं? मी गुपचूप यशस्वी प्रवेशांची आणि उघडलेल्या फायलींची नोंद बंद केली. फक्त चुकलेले पासवर्ड टिपले जाऊ लागले. अहवालात मात्र 'संपूर्ण नोंद चालू'. ही लबाडी होती, की नुसता आळस?

हरजित सिंग आमचा ऑपरेटर. पहिल्या खेपेला पासवर्ड त्याला कधी जमलाच नाही. "ओ जी, ये मशीन मेरी पगड़ी से डरती है," म्हणून हसायचा. मीही हसायचो.

मग पत्त्यांची यादी बाहेर फुटली. पोलिसांनी नोंदी मागितल्या, मी छापून दिल्या. पानभर एकच नाव — हरजितचं. ज्याने बरोबर पासवर्ड टाकून यादी उघडली, तो त्यात असणारच नव्हता. हे फक्त मला ठाऊक होतं. मग गप्प का बसलो? भीतीने? कुणाच्या — पोलिसांच्या, साहेबांच्या, की त्या हाराच्या? अजून उलगडत नाही.

यंत्राच्या खोलीत आम्ही अनवाणी जायचो. त्याला न्यायला आले तेव्हा तो दाराशी वाकून बूट घालत होता.

"लिमये जी, आप तो जानते हो. बता दो ना इनको."

"देखते हैं," मी म्हणालो.

पुढे त्याला सोडलं म्हणे. नोकरी गेली ती गेलीच. घर मला माहीत होतं. मी गेलो नाही.

त्याला नेलं त्याच आठवड्यात जुन्या फायली टेपवर हलवून मी डिस्क मोकळी केली आणि सगळ्या नोंदी चालू केल्या. अर्ध्या दिवसाचं काम होतं.