शेख सर आणि फुकटचं मैदान

शेख सरांकडे शाळेचं मैदान मागायला गेलं, की ते माणसाला आधी संडास दाखवायचे. ‘या’ नाही, ‘बसा’ नाही. खुर्चीवरून उठून सरळ चालू लागायचे आणि आपण मागं जायचं. मी पालक संघाचा उपाध्यक्ष म्हणून पहिल्यांदा गेलो, तेव्हा मलाही तसंच नेलं. मैदानाकडेच्या संडासाचं दार ढकललं आणि म्हणाले, “बघा उपाध्यक्ष. आत्ता कसंय? साफ. ऐतवारी तुमची गर्दी येणार, पाणीपुरी खाणार, अन् इथंच येणार. सोमवारी हे कोण धुणार, तुमी?”

आमचा बेत साधा होता. पालकांनी मिळून मैदानावर आनंद मेळावा भरवायचा, घरून पदार्थ करून आणायचे, खेळ मांडायचे आणि नफ्यातून शाळेला संगणकाची खोली करून द्यायची. पैसे शाळेसाठीच गोळा करतोय, तर शाळेनं आमच्याकडून खर्च का मागावा, हा प्रश्न मी चांगला घोळवून नेला होता. सर शाळेचे पर्यवेक्षक, मैदानाचा कारभार त्यांच्याकडे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“मैदानाचं भाडं मागतंय कोण? मैदान लेकरांचं हाय. पण टँकर लागणार. नळाला पाणी कधी येतं ते तुमालाबी म्हाईत हाय. लाइट जळणार. अन् सोमवारी दोन बाया पहाटे येऊन झाडणार, त्यांचा मेहनताना. हे तुमच्या गल्ल्यातून जाणार, अन् पहिलं जाणार.”

“पण सर, त्या शाळेच्याच कामाला आहेत. शाळा पगार देते त्यांना.”

“शाळेचा कचरा काढायचा देते. तुमच्या पाणीपुरीचा नाय.”

खरं सांगतो, माणूस मला त्याच दिवशी आवडला नाही. आजही आवडतो असं म्हणणार नाही, गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत असली तरी. सर सिल्लोडचे, अंगानं काटक, भूमिती शिकवायचे आणि पालकांनाही वर्गातल्यासारखं उभं करायचे. एका आईनं सभेत विचारलं, लाइटबिल निम्मं घेता येईल का. सर म्हणाले, “निम्मा बल्ब लावू का बाई?” सगळे हसले, ती बाई पुन्हा सभेला आली नाही. मी एकदा उशिरा पोचलो, तर माझ्या मुलीकडे बघून म्हणाले, “तुझे वडील उपाध्यक्ष हायत ना, म्हणून उशीर. साधे असते तर टायमावर आले असते.” मुलगी तोंड दाबून हसली. तो राग मी पुष्कळ दिवस जपून ठेवला. त्याचा पुढं उपयोग झाला.

पहिल्या वर्षीचा मेळावा त्यांच्या अटींवर झाला. सोमवारी सकाळी मुलीला सोडायला गेलो, तर सरांनी व्हरांड्यातूनच हाक मारली. पहाटेपासून झाडणाऱ्या त्या दोघी, कडूबाई आणि तिची जाऊ, तिथं उभ्या होत्या, दोघींचे पदर ओले. सर म्हणाले, “द्या. तुमच्या हातानं द्या. मी दिले तर उद्या म्हणाल शेखनं किती दिले अन् किती ठेवले.” मी गल्ल्यातले पैसे मोजून कडूबाईच्या हातावर ठेवले. टँकरवाल्यालाही त्यांनी माझ्याच हातानं द्यायला लावले. लाइटचे शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीवर मीच भरले. सरांच्या हाताला त्या पैशांचा स्पर्शही झाला नाही. हे मी पाहिलं. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी मला मेळावा मोठा करायचा होता. आधीच्या कुठल्याच उपाध्यक्षाला जमलं नाही एवढी रक्कम उभी करायची आणि मंचावरून ती सांगायची, एवढीच माझी हौस. सरांनी पुन्हा तोच खर्च सांगितला. मी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो टाकला आणि खाली लिहिलं, ‘यावर विचार व्हावा.’

विचार झाला. शहागंजात कापडाचं दुकान असलेल्या एका पालकानं लिहिलं, ‘हे पैसे नेमके जातात कुठे?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘सरांनाच विचारा, घर कसं चालतं.’ मग तिसऱ्याचं आलं, ‘त्यांच्या मोहल्ल्यात जातात, अजून कुठं? आपली मुलं, आपली वर्गणी, आणि वाटा यांचा.’ खाली हसरे चेहरे, अंगठे. मी ग्रुपचा अॅडमिन. माझ्या दुकानाच्या काउंटरवर बसून ‘पैसे मी स्वतः दिलेत’ एवढं टाइप केलं. मग पुसलं. वाटलं, चाललंय ते आपल्या कामाचंच आहे.

आम्ही चौघं संस्थेच्या सचिवांकडे गेलो. मी आरोप केला नाही, तेवढी अक्कल होती. मी म्हणालो, “पालकांमध्ये संशय आहे.” सचिवांनी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” मी म्हणालो, “मी काय बोलणार साहेब. पण एवढे लोक उगाच तर बोलणार नाहीत.” हे वाक्य मी वाटेतच जुळवून ठेवलं होतं.

सगळा खर्च माफ झाला, मैदान फुकट मिळालं. शेख सरांची बदली संस्थेच्या गंगापूरकडच्या शाखेत झाली, निवृत्तीला थोडाच काळ उरलेला असताना. फाटकात भेटले तेव्हा मोटारसायकलला डबा अडकवत होते. म्हणाले, “मुबारक, उपाध्यक्ष. फुकट म्हंजे दुसऱ्याच्या खिशातून, येवढं ध्यानात ठेवा.” मी “सर, तसं काही नाही” असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी किक मारली.

मेळावा जोरात झाला. रक्कम मी मंचावरून सांगितली, टाळ्या पडल्या. सोमवारी कडूबाई आणि तिची जाऊ तेलकट कागद गोळा करत होत्या. टँकर कुणी मागवलाच नव्हता, संडास कोरड्या झाडूनं घासत होत्या. कडूबाई म्हणाली, “सायेब, यंदा सर न्हाईत. मग आमचं कोण देणार?” मी म्हणालो, शाळा देईल. शाळा म्हणाली, कार्यक्रम पालकांचा. पालक म्हणाले, खर्च माफ झालाय ना?

ते पैसे मी शेवटी माझ्या खिशातून दिले, पण वर्ष उलटल्यावर. आणि ते दिले म्हणून धीर आला, तेव्हा सिल्लोडला सरांच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले होते, चालताना भिंतीला हात लावत होते. चहा आला. मी कपाला हात लावेना, तर म्हणाले, “घ्या. चहाचा खर्च नाय लावत.”

मी माफी मागितली. त्यांनी विचारलं, “कडूबाईला दिले?”

“दिले सर. उशिरा, पण दिले.”

“मग तिचं मिटलं. माझं काय?”

“तुम्ही म्हणाल ते.”

“माफीचं मी काय करू, लोणचं घालू? ही इथं बंद खोलीत मागताय, ती फुकटची हाय. बदनामी समद्यांसमोर झाली. माझी सून तुमच्याच शहरात दुसऱ्या शाळेत शिकवती. तिला स्टाफरूममध्ये इचारतात, त्या पैशे खाल्लेल्या शेखची सून का तुमी. ज्या ग्रुपात लिवलं, त्याच ग्रुपात लिवा. एक ओळ. भाषण नको.”

मी हो म्हणालो. घरी येईपर्यंत लिहायचंच होतं. मग वाटलं, मुलीची दहावी होऊ दे. मग वाटलं, जुना विषय, लोक विसरले असतील. सरांचा एकदा फोन आला, मी उचलला नाही.

गेल्या महिन्यात सर गेले. बातमी मीच ग्रुपवर टाकली. हात जोडलेल्यांची रांग लागली. ‘मोहल्ल्यात जातात’ लिहिणाऱ्यानं ‘शिस्तप्रिय गुरुवर्य’ असं लिहून फुलं आणि समईचं चित्र टाकलं. मीही हात जोडले. तेव्हाही ती ओळ लिहिली नाही. दफनाला गेलो नाही. त्यांच्या सुनेला तोंड दाखवायला लागलं असतं.

हे लिहून झालं, की त्याच ग्रुपवर टाकणार आहे. शिव्या पडतील, एखादा म्हणेल आता काय उपयोग. सर गेले, पण सून अजून त्याच शाळेत शिकवते. शेख सरांनी मेळाव्याच्या पैशातला एक रुपयाही घेतला नाही. हे मला तेव्हाच माहीत होतं.